होम-स्टे, बंगलो, व्हिला: रोजच्या भाड्याने जाणारी घरे आणि त्यांचे नियम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनारा, लोणावळा-पाचगणी पट्टा आणि गोवा इथले घरमालक, त्यांचे शेजारी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक गोष्टी आहेत, अडचणीचे अपवाद शेवटी. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. होम-स्टे, बंगलो, व्हिला, लॉज या सगळ्यांत फरक काय? सगळे एकच नाही का?

नाही, आणि निम्मा वाद या गोंधळातूनच होतो. दापोली-गुहागरच्या रस्त्यांवर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी दिसते. तिथे पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या असतात, मागे घरचे लोक राहतात, ओटीवर आजोबा बसलेले असतात. हा खरा होम-स्टे. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या योजनेतही व्याख्या हीच आहे: १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहणारे. महाराष्ट्रात ही सोय 'निवास व न्याहारी' या नावाने ओळखली जाते. केरळातही सहा खोल्यांची मर्यादा आणि मालकाने घरात राहण्याची अट आहे.

लोणावळ्याच्या तुंगार्लीतला किंवा गोव्याच्या आसगावातला व्हिला ही वेगळी चीज आहे. मालक मुंबईला किंवा दिल्लीला, किल्ली केअरटेकरकडे, आणि सबंध घर शनिवार-रविवारसाठी वीस जणांच्या हवाली. ॲपवर दोन्हींच्या जाहिराती शेजारी-शेजारी दिसतात आणि दोन्हींवर 'होम-स्टे' लिहिलेले असते. या पानावर मालक राहतो त्या घराला होम-स्टे म्हटले आहे आणि मालकाविना सबंध दिल्या जाणाऱ्या घराला बंगलो.

२. लोकांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? पर्यटक आले तर गावाचाच फायदा ना?

फायदा होतोच. मासळी खपते, खानावळ चालते, रिक्षाला भाडे मिळते, घरातल्या बाईच्या हाती स्वतःचे पैसे येतात. तक्रार पर्यटकांबद्दल फारशी नाही, ती चार गोष्टींबद्दल आहे: पाणी, सांडपाणी, रात्रीचा आवाज आणि गावात भाड्याने घर न मिळणे.

चौथा मुद्दा सहसा मागे पडतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. समजा एक वन-बीएचके वर्षाच्या कराराने महिना १२,००० रुपयांना जाते. तेच घर महिन्यातल्या आठ वीकेंड रात्री ४,००० रुपयांनी गेले तर ३२,००० येतात. साफसफाई, चादरी, ॲपचे कमिशन, वीजबिल वजा केले तरी मालक वर्षभराचा भाडेकरू कशाला ठेवेल? मग बदलून आलेली शिक्षिका, बँकेतला कारकून, एसटीचा चालक यांना पंधरा-वीस किलोमीटरवर खोली घ्यावी लागते. मालकाचा यात काही गुन्हा नाही, पण परिणाम सगळ्या गावाला भोगावा लागतो. नियमांची गरज आहे ती इथे.

३. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे का?

पर्यटन संचालनालयाची 'निवास व न्याहारी' नोंदणी ही योजना आहे. ती घेणाऱ्याला अधिकृत ओळख आणि सरकारी योजनांचा लाभ मिळतो. शेतकऱ्यांसाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरण वेगळे आहे, त्याची नोंदणीही तिथेच होते. पण 'योजनेत नाव नाही म्हणजे मला कोणताच नियम नाही' असा अर्थ काढू नका. घरपट्टी, बांधकाम परवानगी, पोलिसांना माहिती देणे, जीएसटी, अन्न सुरक्षा नोंदणी हे सगळे नोंदणी असो वा नसो लागू आहे.

अर्ज करताना सहसा ही कागदपत्रे जमवावी लागतात: सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घराच्या आकारणीची नोंद), चालू वर्षाची घरपट्टी पावती, घराचा मंजूर नकाशा, खोल्या व स्वच्छतागृहांचे फोटो, पोलिसांचा दाखला, आणि घर सोसायटीत किंवा सामाईक मालकीत असेल तर संमतीपत्र (प्रश्न १६ पाहा). अर्ज बहुतेक वेळा अडतो तो एकाच कारणाने: नमुना ८ वर तीन खोल्या असतात आणि प्रत्यक्षात सहा. अर्ज करण्याआधी वाढीव बांधकामाची नोंद लावून घ्या.

४. गोव्यात नियम वेगळा आहे का?

हो, आणि जास्त स्पष्ट आहे. पर्यटन व्यवसाय नोंदणीचा गोव्याचा कायदा १९८२ चा आहे. पर्यटकाला पैसे घेऊन राहायला जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे त्यात बंधनकारक आहे, मग ते हॉटेल असो की तुमचा शिवोलीतला टू-बीएचके फ्लॅट. 'हॉटेल नाही, माझे राहते घर आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. नोंदणीसोबत जमिनीची सनद (बिनशेती परवाना), घराचा वापर परवाना, पंचायतीचा ना-हरकत दाखला ही साखळी येते. बिल्डर 'रेंटल इन्कम'ची जाहिरात करून फ्लॅट विकतो, पण नोंदणी खरेदीदाराच्या नावाने त्याची त्यालाच करावी लागते. मुंबई-पुण्याहून सेकंड होम घेणारे अनेक मराठी लोक इथेच फसतात.

५. पाहुण्यांची नोंद कशी ठेवायची? आधारची झेरॉक्स घ्यायची का?

एक बांधीव रजिस्टर ठेवा. त्यात प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा नंबर, येण्या-जाण्याची वेळ आणि सही घ्या. बुकिंग करणाऱ्या एकट्याची नोंद पुरत नाही. चोरी-मारामारी झाली की पोलीस पहिल्यांदा हेच रजिस्टर मागतात. ओळखपत्र मूळ पाहून नोंद करा. पाहुण्याने पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार दिले तर तेही चालते. व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागवून ते केअरटेकरच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे ठेवणे धोक्याचे आहे.

परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑनलाइन पोर्टलवर भरावी लागते. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. भारतीय वंशाच्या पण परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्यालाही परदेशी समजूनच चला. बहीण-मेहुणे अमेरिकन नागरिक आहेत एवढ्याने सूट मिळत नाही.

६. जीएसटी भरावा लागतो का? महिन्याला चार बुकिंगही होत नाहीत.

तुमच्या पॅनवरची सगळी उलाढाल वर्षाला २० लाख रुपयांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतः नोंदणी करण्याची गरज नाही. 'सगळी' या शब्दाकडे लक्ष द्या. बंगल्याचे १४ लाख आणि बाजारातल्या दुकानाचे १५ लाख एकत्र मोजले जातात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के असा दर आहे. ५ टक्क्यांत खर्चावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही. १२,००० रुपयांना सबंध बंगला दिला तर कर २,१६० रुपये. काही जण कागदावर तीन खोल्या वेगळ्या दाखवतात आणि घर एकाच कुटुंबाला एकाच बिलात देतात. तपासणी झाली की हे अंगाशी येते.

नोंदणी नसलेल्या मालकाचे बुकिंग ॲपवरून झाले तर राहण्यावरचा जीएसटी ॲपची कंपनी भरते. फोनवरून थेट बुकिंग झाले आणि तुम्ही मर्यादेच्या आत असाल तर जीएसटी लागत नाही. याशिवाय ॲप कंपनी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का टीडीएस कापते. ॲपमार्फतची उलाढाल वर्षाला ५ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही पॅन दिले असेल तर वैयक्तिक मालकाला तोही नाही. रिटर्न भरताना हे उत्पन्न घरभाड्याखाली दाखवायचे की व्यवसायाखाली हे तुम्ही जेवण, सफाई वगैरे सेवा किती देता यावर ठरते. एकदा सीएला विचारून ठरवा आणि दरवर्षी तेच धरा.

७. एका बंगल्याने गावाच्या पाण्यावर असा कितीसा फरक पडणार?

आकडे बघा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. बंगल्यात पंधरा पाहुणे, शॉवर, बाथटब, रोज बदलणाऱ्या चादरी आणि हिरवळ धरून माणशी २०० लिटर पकडले तरी ३,००० लिटर. एक बंगला म्हणजे पाण्यापुरती अकरा घरे.

तरणतलाव वेगळा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३८,४०० लिटर पाणी मावते, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास चार टँकर. फिल्टर नीट चालवला तर हे पाणी महिनोन्महिने टिकते. पण फिल्टर बंद ठेवून दर आठवड्याला तलाव उपसण्याची पद्धत सर्रास आहे, कारण केअरटेकरला क्लोरीन आणि पीएच मोजायला कोणी शिकवलेलेच नसते. एप्रिल-मे महिन्यात शेजारच्या विहिरीचा तळ दिसत असताना बंगल्यातले हिरवे पाणी गटारात सोडलेले पाहून लोक चिडतात, आणि ती चीड रास्त आहे.

८. सांडपाण्याचे काय? सेप्टिक टँक तर सगळ्यांकडेच आहे.

टँक आहे, पण तो सहा माणसांच्या हिशेबाने बांधलेला. मैला खाली बसायला पाणी टाकीत किमान एक दिवस तरी थांबावे लागते. शनिवारी वीस जण आले की पाणी ढकलले जाते आणि न बसलेला गाळ शोषखड्ड्यात जातो. खड्डा तुंबला तर वर वास येतो आणि निदान कळते तरी. कोकणात बहुतेक ठिकाणी जांभा आहे. तो सच्छिद्र असल्याने खड्डा तुंबत नाही, घाण पाणी मुकाट्याने खाली आणि बाजूला झिरपत जाते. बंगल्याच्या मालकाला वाटते सगळे छान चालले आहे, आणि खालच्या अंगाच्या विहिरीत जंतू सापडतात.

म्हणून खाटांच्या संख्येनुसार टँक मोठा करा, दोन किंवा तीन कप्प्यांचा करा, दर दोन वर्षांनी उपसा आणि पावती जपून ठेवा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवा. जांभ्यात शक्य तितका जास्त दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला. ग्रामपंचायतीने ना-हरकत देताना एवढी एकच गोष्ट पाहिली तरी पुष्कळ काम होईल.

९. शेजारच्या बंगल्यात रात्री दोनपर्यंत डीजे असतो. तक्रार कुठे आणि कशी करावी?

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ तर रात्री ४५ डेसिबल. 'आमच्या खासगी आवारात वाजवतोय' ही सबब नाही, आवाज तुमच्या खिडकीत किती येतो ते महत्त्वाचे.

तक्रार या क्रमाने करा. आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुमच्या खिडकीतून घड्याळ दिसेल असा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. बंगल्यात जाऊन वाद घालू नका, दारू प्यालेल्या वीस जणांसमोर एकट्याने उभे राहून काही साधत नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्या. असे तीन-चार प्रसंग कागदावर आले की उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. हे पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३. बहुतेक तक्रारी हवेत विरतात, कारण त्या फोनवरच राहतात.

बंगला नोंदणीकृत आहे का, वाढीव बांधकामाला परवानगी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. 'अमुक मिळकत क्रमांकाच्या घराला दिलेल्या ना-हरकत दाखल्याची प्रत' असे नेमके मागा.

१०. आमच्या सोसायटीत एकाने फ्लॅट ॲपवर टाकला आहे. कमिटी बंद करू शकते का?

कमिटीने नोटीस लावली म्हणून बंद होत नाही. आदर्श उपविधींनुसार सदस्य आपला फ्लॅट भाड्याने देऊ शकतो, सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) लावू शकते, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसते. पण ही सगळी रचना महिन्याच्या भाडेकरूला धरून केलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. दोन रात्रींच्या पाहुण्याशी कोणी लिव्ह अँड लायसन्स नोंदवत नाही. मग तो भाडेकरू नाही तर कोण? पैसे देऊन उतरलेला माणूस. आणि तसे असेल तर फ्लॅटचा वापर निवासी राहिला की व्यावसायिक झाला? सोसायटीचा खरा मुद्दा इथे आहे, तो इथेच धरावा.

व्यवहारात चालणारा मार्ग असा: सर्वसाधारण सभेत उपविधी दुरुस्तीचा ठराव आणा, हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मते मिळवा आणि दुरुस्ती निबंधकांकडून नोंदवून घ्या. नोंदल्याशिवाय ती लागू होत नाही. सरसकट बंदीऐवजी अटी घातल्या तर ठराव टिकण्याची शक्यता जास्त: पाहुण्यांची नावे आदल्या दिवशी गेटवर, कमाल संख्या, रात्री दहानंतर पोहण्याचा तलाव आणि गच्ची बंद, अनामत रक्कम. सदस्याने जुमानले नाही तर वाद सहकार न्यायालयात जातो. पाणी किंवा लिफ्ट तोडण्याचा मोह टाळा, तिथे चूक सोसायटीच्या पदरात पडते.

११. ग्रामसभेने 'गावात बंगले भाड्याने द्यायचे नाहीत' असा ठराव केला तर?

कायद्याने चालणारा व्यवसाय नुसत्या ठरावाने बंद होत नाही, कोर्टात तो ठराव टिकणार नाही. पण ग्रामपंचायत हतबल आहे असेही नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खाली इमारतींवर कर आहे, तसा हॉटेल चालवण्यावरही कर बसवता येतो. ना-हरकत दाखल्यात सेप्टिक टँक, कचरा वर्गीकरण, पाण्याचा स्रोत आणि गावात राहणाऱ्या जबाबदार माणसाचा फोन अशा अटी घालता येतात. नळजोडणीला मीटर बसवता येतो.

ठरावात बंदी लिहिण्यापेक्षा गावातल्या अशा घरांची यादी करा: घर क्रमांक, खोल्या, खाटा, मालक राहतो का, तलाव आहे का, पाणी कुठले. चारशे उंबऱ्यांच्या गावात तलाठी, ग्रामसेवक आणि दोन बचत गटांच्या महिला हे काम आठवड्यात करतात. ज्या गावाकडे ही यादी आहे त्याचे म्हणणे तहसीलदारापुढे वजनाने उभे राहते.

१२. घर समुद्राला अगदी लागून आहे. सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) होम-स्टे चालतो का?

चालतो, अटीवर. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या असलेल्या घरात होम-स्टे चालवायला वाव दिला आहे, मात्र घराचा जोता, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आहे त्या माजघरात पाहुणे ठेवा, पण किनाऱ्याकडे नवे कॉटेज बांधू नका. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा सर्वसाधारण ना-विकास पट्टा. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागात, आराखडा मंजूर झाल्यावर, तो ५० मीटर. किनाऱ्याबाहेर डोंगरातही बंधने आहेत: महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) हे अधिसूचित पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र आहेत. तिथे साधे वाढीव बांधकामही वेगळ्या तपासणीतून जाते.

१३. बंगल्यांत अपघात होतात ते कशाने? मालकाने किमान काय करावे?

तरणतलाव, गॅस गिझर आणि वीज. जीव जातात ते बहुधा या तिघांमुळे.

तलावाला १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लावा, खोली मीटरमध्ये काठावर रंगवा, तळाच्या निचऱ्यावरची जाळी घट्ट बसवा, दोरी बांधलेली रिंग हाताशी ठेवा. रात्री दहाला तलावाचे दिवे बंद करा आणि फाटकाला कुलूप लावा. पोहता न येणारा केअरटेकर रात्री तलावाजवळ उभा आहे, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही नको. दार-खिडकी लावून एकामागून एक तिघे आंघोळीला गेले की आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. महाबळेश्वरच्या थंडीत लोक झरोक्यात टॉवेल कोंबतात, तेव्हा धोका दुप्पट. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या भिंतीवर घ्या, आत फक्त नळ.

विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहा. खारी हवा अर्थिंगची पट्टी दोन-तीन वर्षांत खाते. प्रत्येक मजल्यावर एका तरी खिडकीचे ग्रिल आतून उघडणारे असावे. विमा घेताना 'पाहुणे पैसे देऊन राहतात' हे लेखी कळवा, नाहीतर घरगुती पॉलिसीवर दावा नाकारला जातो.

१४. इतर देशांनी काय केले? तिथे उपयोग झाला का?

वेगवेगळे मार्ग आहेत. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर वाढवले जाणार नाहीत. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने यामागचा कातालुन्याचा कायदा वैध ठरवला. न्यू यॉर्कमध्ये ५ सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम फक्त यजमान घरात हजर असेल तरच, आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे. पॅरिसने स्वतःचे राहते घर भाड्याने देण्याची मर्यादा १२० रात्रींवरून २०२५ पासून ९० वर आणली. ॲम्स्टरडॅमने ती २०१९ मध्ये ३० वर आणली. जपानने २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यात वर्षाला १८० दिवस ठरवले. उलट उदाहरणही आहे: पोर्तुगालने २०२३ मध्ये नवे परवाने थांबवले आणि पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर ती बंदी मागे घेतली.

न्यू यॉर्कची अंमलबजावणी शिकण्यासारखी आहे. नोंदणी क्रमांक नसेल तर ॲपला त्या घराचे पैसेच घेता येत नाहीत, त्यामुळे घरोघरी निरीक्षक धाडावे लागले नाहीत. जाहिराती झपाट्याने घटल्या. मात्र शहरातली घरभाडी चढीच राहिली, कारण घरटंचाईची कारणे आणखीही होती. नियमन केले की भाडी उतरतील असे वचन कोणी ग्रामसभेत देत असेल तर सावध राहा.

१५. मग आपल्याकडे नियम कसा असावा?

आमचे मत स्पष्ट आहे: रेघ खोल्यांच्या संख्येवर किंवा ॲपच्या नावावर नको, मालक घरात राहतो का यावर हवी. मालक घरात असेल तर डीजे वाजत नाही, पाणी वाया जात नाही, आणि विहीर बिघडली तर ती त्याचीही असते. अशा घराला ऑनलाइन एका पानाचा अर्ज, घरगुती दराने घरपट्टी आणि विनाकटकट नोंदणी मिळायला हवी.

बंगल्याला मात्र सक्तीची नोंदणी, खाटांच्या संख्येनुसार सेप्टिक टँकचा दाखला, व्यावसायिक दराचा कर, अर्ध्या तासात पोहोचेल असा गावातला जबाबदार माणूस, आणि जाहिरातीवर नोंदणी क्रमांक. क्रमांक नसेल तर ॲपने ती जाहिरात दाखवूच नये. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमावलीत हीच दिशा घेतली आहे आणि ती २० मे २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले आहे. सबंध बंगल्यांच्या संख्येवर गावनिहाय मर्यादा घालायची की नाही हे मोजणी झाल्यावर ठरवावे, आधी नाही. सरसकट बंदी आली तर पहिल्यांदा बंद पडतील त्या दोन खोल्यांच्या पाट्या. मोठा बंगला वकील लावून चालूच राहील.

१६. घर वडिलोपार्जित आहे, सात-बारावर नऊ जणांची नावे आहेत. मी एकटा तिथे राहतो. होम-स्टे सुरू करू का?

आधी संमती घ्या, तीही लेखी. तोंडी 'कर रे तू' पहिल्या चांगल्या हंगामापर्यंत टिकते. साध्या करारात लिहा: कोणत्या खोल्या वापरणार, डागडुजीचा खर्च कोण करणार, उत्पन्नातला वाटा किती, गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की कोणत्या तारखांना बुकिंग बंद. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण भाऊबंदकीची ठिणगी सर्वांत जास्त वेळा इथेच पडते. एखादा सहमालक मयत असेल तर वारसनोंद आधी लावून घ्या, नाहीतर पर्यटन खात्याचा अर्ज तिथेच थांबतो.

१७. मी दुबईत राहतो, अलिबागचा बंगला एक एजन्सी चालवते. जबाबदारी कोणाची?

बांधकाम, नोंदणी आणि घरपट्टीची तुमची. रोजच्या नोंदींची एजन्सीची, पण करारात तसे लिहिले असेल तरच. तुम्ही कराच्या दृष्टीने अनिवासी असाल तर तुम्हाला भाडे देणाऱ्या एजन्सीने साधारणपणे ३१.२ टक्के (३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर) करकपात करून रक्कम तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपया खात्यात) जमा करायची असते. रिटर्न भरून जास्तीचा कर परत मिळवता येतो. एजन्सी रोखीने किंवा आईच्या खात्यात पैसे देत असेल तर ते आजच थांबवा.

१८. अविवाहित जोडप्यांना किंवा विशिष्ट धर्माच्या लोकांना घर नाकारता येते का?

सज्ञान अविवाहित जोडप्याने एकत्र राहणे हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितले आहे. पोलीस फक्त त्या कारणाने घर बंद करू शकत नाहीत. मालक घरात राहत असेल तर जेवण, दारू, वेळा यांचे घरचे नियम ठेवू शकतो, मात्र ते बुकिंगआधी लिहून दाखवावेत. धर्म किंवा जात पाहून नकार देणे वेगळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) नुसार हॉटेलांत असा भेदभाव चालत नाही, आणि पैसे घेऊन सगळ्यांसाठी उघडलेल्या घराने स्वतःला त्याबाहेर समजू नये.

१९. पंढरपुरात आम्ही फक्त आषाढी-कार्तिकीला दोन खोल्या वारकऱ्यांना देतो. आम्हालाही हे सगळे लागू?

याच घरांमुळे नियम लिहिताना रात्रींची किमान मर्यादा हवी. वर्षाला दहा-पंधरा रात्री, मालक घरात, दिंडी दरवर्षीची ओळखीची: अशा घराला नोंदणीच्या फेऱ्यात ओढण्यात अर्थ नाही. वर्षाला तीस रात्रींपर्यंत, मालक राहत असलेल्या घरात, नुसते नगरपालिकेला एका ओळीत कळवणे पुरे असावे. तोवर नावांची वही ठेवा (प्रश्न ५). दिंडीप्रमुखाचा फोन आणि एकूण संख्या लिहिली तरी गर्दीत हरवलेला म्हातारा शोधायला ती वही उपयोगी पडते. एका संडासावर चाळीस माणसे घेऊ नका. यात्रेच्या दिवसांत नगरपालिका तात्पुरती शौचालये उभारते. आपल्या घरापासून सगळ्यात जवळचे कोठे आहे ते दारावर खडूने लिहून ठेवा.